फळ्याने दाखवलेली नजर : मायनस नंबरचा इतिहास

आजचा भाग चष्म्याबद्दल आहे. तोही कुठल्याही नाही, मायनस नंबरच्या चष्म्याबद्दल. जवळचं छान दिसतं, लांबचं धूसर दिसतं, तो हा प्रकार. मराठी पुस्तकांत याला ऱ्हस्वदृष्टी किंवा निकटदृष्टिता म्हणतात, डॉक्टर मायोपिया म्हणतात, आणि भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत म्हणतात, "पोराला नंबर लागला." लागला म्हणजे नजर लागावी किंवा व्यसन लागावं तसा. म्हणजे कुणाची तरी चूक असणारच. मग चूक कोणाची ते शोधायचं: मोबाइलची, टीव्हीची, गाजर न खाण्याची, नाहीतर थेट पोराची.

हा आरोप बरोबर आहे का, एवढाच आजचा प्रश्न. उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागेल. विजयनगरपर्यंत, मग युरोपात, आणि शेवटी परत आपल्या सोलापूरच्या उन्हात.

चाळिशी : एका शब्दातला इतिहास

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत चष्म्याला एक जुना शब्द आहे, चाळिशी. "अगं, माझी चाळिशी कुठे ठेवलीस?" हे वाक्य घरातल्या कुठल्या तरी आजोबांच्या तोंडून तुम्ही ऐकलं असेल. चाळीस वर्षं झाली की जवळचं दिसेनासं होतं, म्हणून जो चष्मा लागतो तो चाळिशी. आता गंमत बघा. म्हातारपणीच्या चष्म्याला आपल्याकडे खास नाव आहे, पण दहा वर्षांच्या पोराला लांबचं दिसत नाही म्हणून लागणाऱ्या चष्म्याला असं घरगुती नाव नाही. चष्मा हा शब्द फारसीतून आला. चश्म म्हणजे डोळा. आमच्या पेठेत शेजारच्या तेलुगू घरांत कळ्ळद्दालू म्हणतात, कन्नड घरांत कन्नडक म्हणतात. या तिन्ही शब्दांना वय नाही. वय आहे ते फक्त चाळिशीला.

भाषा उगाच असं करत नाही. ज्याची गरज रोज पडते त्याला नाव मिळतं. आपल्याकडे कित्येक शतकं चष्मा ही वयस्कर, वाचणाऱ्या माणसाची वस्तू होती. सुश्रुतसंहितेत डोळ्यांच्या रोगांचं वर्णन आहे, तिथेही नजर कमी झाल्याची एक खूण सांगितली आहे ती सुईचं भोक न दिसण्याची. म्हणजे परीक्षा जवळच्या नजरेची. लांबचं दिसतं का, हे रोज तपासायची वेळच येत नव्हती.

पुण्यातला एक माणूस आणि विजयनगरचा चष्मा

भारतात चष्मा कधी आला, या प्रश्नाचा नीट पाठलाग एका मराठी माणसाने केला. परशुराम कृष्ण गोडे. जन्म १८९१, मृत्यू १९६१. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात ते अनेक वर्षं क्युरेटर होते. या माणसाचा छंद भन्नाट होता. राजे आणि लढाया सोडून ते रोजच्या वस्तूंचा इतिहास शोधायचे. नथ कुठून आली, जिलबी कधीपासून आहे, आतषबाजी भारतात कधी सुरू झाली. हस्तलिखितांचे ढीग चाळायचे, एखाद्या ओळीत त्या वस्तूचा उल्लेख सापडला की तारीख लावायची. आज आपण लॉग फाइलमध्ये एखादी एन्ट्री शोधतो ना, तसंच, फक्त सर्च बॉक्सशिवाय.

१९४७च्या सुमारास गोड्यांनी चष्म्याच्या इतिहासावर लिहिलं. त्यात एक जबरदस्त पुरावा आहे. व्यासतीर्थ हे माध्व संप्रदायातले मोठे आचार्य, विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या काळातले. त्यांचं चरित्र सोमनाथ नावाच्या कवीने संस्कृतात लिहिलं, व्यासयोगिचरित. त्यात उतारवयातले व्यासतीर्थ एक ग्रंथ वाचताना डोळ्यांसमोर काच धरतात. कवीकडे तयार शब्द नव्हता, म्हणून त्याने उपलोचनगोलक असा शब्द वापरला. डोळ्याला मदत करणारा गोल. काळ साधारण १५२०च्या आसपासचा. पोर्तुगीजांनी गोवा १५१० साली घेतला होता आणि विजयनगरशी त्यांचा व्यापार होता, त्यामुळे हा चष्मा त्यांच्यामार्फत आला असावा असा तर्क केला जातो.

इथेही चित्र तेच: वृद्ध आचार्य, हातात पोथी, डोळ्यांना काच. म्हणजे चाळिशीच.

मिलानच्या सरदाराची ऑर्डर

युरोपात चष्मा तेराव्या शतकाच्या शेवटी, इटलीत तयार झाला. तोही आधी म्हाताऱ्यांसाठीच. मध्ये फुगीर असलेली काच, जी जवळचं मोठं आणि स्पष्ट दाखवते. लांबचं दिसायला उलटी काच लागते, मध्ये पातळ आणि कडेला जाड. ती यायला आणखी दीडशेच्या वर वर्षं गेली.

याचा एक छान पुरावा आहे, एका ऑर्डरचा. २१ ऑक्टोबर १४६२. मिलानचा ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झा फ्लॉरेन्समधल्या आपल्या वकिलाला पत्र लिहितो की तीन डझन चष्मे पाठव. एक डझन लांबचं दिसण्यासाठी, म्हणजे तरुणांसाठी. एक डझन जवळचं दिसण्यासाठी, म्हणजे म्हाताऱ्यांसाठी. आणि एक डझन साधारण नजरेसाठी. लक्षात घ्या, नंबर वगैरे काही नाही. टोपीसारखा डझनावारी माल. पण तरुणालाही चष्मा लागतो आणि त्याची काच वेगळी असते, ही गोष्ट १४६२ मध्ये बाजाराला माहीत होती.

का लागते, हे मात्र कुणाला सांगता येत नव्हतं. ते सांगितलं योहान्नेस केप्लरने, १६०४ मध्ये. हो, ग्रहांच्या नियमांचा केप्लर. लहानपणी देवी येऊन गेल्यामुळे त्याची स्वतःचीही नजर कमजोर होती. त्याने दाखवलं की चित्र डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पडतं. ज्याला लांबचं दिसत नाही, त्याच्या डोळ्यात किरण पडद्याच्या आधीच एकत्र येतात आणि पडद्यावर पोचेपर्यंत परत पसरतात. म्हणून धूसर. मध्ये पातळ असलेली काच किरणांना आधीच थोडं फाकवते, आणि चित्र मागे सरकून बरोबर पडद्यावर येतं. तुमच्या नाकावरचा मायनस चष्मा आजही एवढंच काम करतो.

मागावर बसलेल्याला फळा लागत नाही

आता जरा आपल्या गावात येऊ. भवानी पेठ आणि आजूबाजूच्या पेठा म्हणजे मागांचा भाग. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी इथे हातमाग चालवले, मग यंत्रमाग आले, चादरी आणि टॉवेल जगभर गेले. घरातल्या बायका कांड्या भरायच्या, विड्या वळायच्या. ही सगळी कामं कुठल्या अंतरावरची? हातभर. तुटलेला धागा शोधून गाठ मारायची, पान कापून विडी वळायची, कापडातली चूक पकडायची.

इथे थोडं गणित करू, कारण ते फार सोपं आहे आणि आयुष्यभर उपयोगी पडतं. तुमचा मायनस नंबर घ्या आणि शंभरला त्याने भागा. जे उत्तर येईल तितक्या सेंटिमीटरपर्यंत तुम्हाला चष्म्याशिवाय स्पष्ट दिसतं. मायनस एक असेल तर १०० सेंटिमीटर, म्हणजे एक मीटर. मायनस दोन असेल तर ५०. मायनस चार असेल तर २५.

म्हणजे मायनस दोन नंबर असलेला विणकर मागावर बसला, तर हातभर अंतरावरचा धागा त्याला लख्ख दिसणार. उलट चाळिशीनंतर बाकीच्यांना जवळचं दिसेनासं होतं, तेव्हाही तो चष्म्याशिवाय गाठ मारत राहणार. लोक म्हणणार, "काय नजर आहे याची, या वयातही!" सिद्धेश्वराच्या गड्ड्यात लांबून येणारे नंदीध्वज त्याला धूसर दिसत असतील. पण त्याला वाटणार की सगळ्यांना असंच दिसतं. कारण दुसऱ्याच्या डोळ्याने बघायची सोय कुणाला नसते.

म्हणून जुन्या कागदांत मायोपिया फारसा सापडत नाही. तो कमी होता हे खरंच, पण जो होता तो दिसून यायलाही जागा नव्हती. ती जागा तयार केली फळ्याने. मोठ्या खोलीत पन्नास मुलं, भिंतीवर काळा फळा, आणि मागच्या बाकावरून सहा मीटरवरची अक्षरं वाचायची सक्ती. मानवाच्या इतिहासात लहान मुलांवर हे काम पहिल्यांदाच आलं. ज्याला अक्षरं दिसत नव्हती, त्याचं एक नवीन नाव पडलं: ढ.

दहा हजार साठ मुलं

शाळा आणि नजर यांचा संबंध पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मोजला हेर्मान कोन नावाच्या नेत्रतज्ज्ञाने. गाव ब्रेस्लाऊ, तेव्हाच्या प्रशियातलं, आता पोलंडमधलं व्रोत्सवाफ. १८६०च्या दशकात त्याने १०,०६० मुलांचे डोळे तपासले आणि १८६७ मध्ये निकाल छापला. खेड्यातल्या शाळांत मायोपियाची मुलं होती सुमारे १.४ टक्के. शहरातल्या शाळांत जास्त. आणि सगळ्यात अभ्यासू, विद्यापीठाची तयारी करून घेणाऱ्या जिम्नॅशियम शाळांत तब्बल २६ टक्के. वर्ग जसा वर चढत जाईल तसा आकडाही चढत होता.

हा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण साल १८६७ आहे. तेव्हा मोबाइल नव्हता, टीव्ही नव्हता, विजेचा दिवाही घराघरात नव्हता. तरी शिकणाऱ्या मुलांपैकी चौथा हिस्सा मायनसमध्ये गेला होता. म्हणजे सगळा दोष मोबाइलच्या माथी मारून मोकळं होता येत नाही.

कोनने कारण काय ठरवलं? वाकून वाचणं, चुकीची बाकं, बारीक छपाई आणि अपुरा उजेड. मग युरोपात डोकं वर ठेवायला बाकांना आधार बसवले गेले, मान वाकूच नये म्हणून चेहऱ्यासमोर पट्ट्या लावल्या गेल्या. "पुस्तक तोंडाला लावून वाचू नकोस" हे आपल्या आज्यांचं वाक्य त्याच काळजीच्या जातीचं. बाकांनी फारसा फरक पडला नाही. पण वर्गात भरपूर खिडक्या पाहिजेत असंही कोन सांगत होता. ती खिडकीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रक्तात की वर्गात?

विसाव्या शतकात वारं फिरलं. विद्वान म्हणू लागले की मायोपिया आनुवंशिक आहे, आई-वडिलांकडून येतो, बाकी काही करून उपयोग नाही. आनुवंशिकतेचा हात आहेच. दोन्ही पालकांना मायनस असेल तर मुलाला होण्याची शक्यता वाढते. पण फक्त तेवढंच असतं तर आकडे एका पिढीत उडी मारू शकत नाहीत. जनुकं इतक्या झपाट्याने बदलत नाहीत.

आणि उडी तर दिसत होती. १९६९ मध्ये अलास्कातल्या बॅरो इथल्या इनुपियाट कुटुंबांचा अभ्यास आला. शाळेत न गेलेल्या जुन्या पिढीत मायोपिया जवळपास नव्हता. सक्तीच्या शाळेत गेलेल्या त्यांच्याच मुला-नातवंडांत निम्म्याहून जास्त जणांना होता. रक्त तेच, बदलली ती शाळा.

१९७७ मध्ये टॉर्स्टन वीझेल आणि एलिओ राव्हिओला यांनी आणखी एक धक्का दिला. वेगळ्याच कारणासाठी त्यांनी माकडाच्या पिल्लांच्या पापण्या शिवल्या होत्या. लक्षात आलं की स्पष्ट चित्र न मिळालेला डोळा लांब वाढला. मग कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग झाले आणि चित्र उलगडत गेलं. वाढत्या वयात डोळा स्वतःची लांबी स्वतः जुळवत असतो. पडद्यावर पडणाऱ्या चित्राकडे बघून ठरवतो, अजून वाढू का थांबू. आम्हा इंजिनिअर लोकांच्या भाषेत हा फीडबॅक लूप आहे. जन्मतः डोळा सुमारे १७ मिलिमीटर लांब असतो, मोठेपणी सुमारे २४. हा लूप बिघडला की डोळा गरजेपेक्षा जास्त लांब होतो. एक मिलिमीटर जास्त म्हणजे अंदाजे अडीच ते तीन नंबर. आणि लांब झालेला डोळा परत आखूड होत नाही.

हे एक वाक्य नीट पचवलं तर निम्म्या जाहिराती आपोआप खोट्या ठरतात. अमेरिकेतल्या विल्यम बेट्सने १९२० मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की व्यायामाने चष्मा जातो. तेव्हापासून आजच्या रील्सपर्यंत तोच माल नव्या पुडीत येतो. डोळे फिरवून बरं वाटेल, थकवा जाईल. मिलिमीटर कमी होणार नाही. गाजर खा, चांगलं आहे. पण ते डोळ्याची लांबी मोजत बसत नाही.

उजेडाचा शोध

मग लूप बिघडतो कशामुळे? २००८ मध्ये सिडनीच्या शाळकरी मुलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जी मुलं जास्त वेळ घराबाहेर असत, त्यांच्यात मायोपिया कमी होता. आणि ती खेळत होती की नुसती बसली होती, याने फरक पडत नव्हता. बाहेर असणं महत्त्वाचं होतं. सगळ्यात जास्त मान्य असलेलं स्पष्टीकरण असं की लख्ख उजेडात डोळ्याच्या पडद्यातून डोपामिन हे रसायन स्रवतं, आणि ते डोळ्याच्या वाढीला ब्रेक लावतं.

किती उजेड? इथे आकडे बोलतात. उजेड लक्समध्ये मोजतात. घरात दिवा लावून १०० ते ५०० लक्स. बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा काही हजार. भर उन्हात लाखाच्या घरात. अँड्रॉइड फोनमध्ये उजेडाचा सेन्सर असतो, तो अगदी अचूक नसतो पण फरक दाखवायला पुरतो. मी आमच्या घरात खिडकीपासून आत, जिथे पोरं अभ्यासाला बसतात तिथे दुपारी मोजलं तर शंभरच्याही खाली आलं. तोच फोन घेऊन गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत गेलो तर सात-आठ हजार. आपल्या डोळ्याला दोन्ही ठिकाणी "उजेड आहे" एवढंच वाटतं, कारण बाहुली लहान-मोठी होऊन जुळवून घेते. फरक मात्र शंभरपटीच्या आसपास आहे. कोनच्या खिडकीचा अर्थ इथे लागतो.

हे नुसतं निरीक्षण राहिलं नाही. चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर सोडली. २०१५ मध्ये निकाल आला. तीन वर्षांत नव्याने मायोपिया झालेली मुलं बाहेर जाणाऱ्या शाळांत ३०.४ टक्के, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. तैवानने २०१०पासून देशभरच्या प्राथमिक शाळांना सांगितलं, मुलं दिवसात १२० मिनिटं बाहेर असू द्या. तिथे नजर कमी असलेल्या मुलांचा आकडा वर्षानुवर्षं चढत २०११ मध्ये ५० टक्क्यांवर गेला होता. २०१५ पर्यंत तो ४६.१ वर आला. थोडंच वाटेल, पण चढता आकडा वळला ही बातमी आहे. आणि उलटा प्रयोग कोविडने केला. चीनमधल्या एका पाहणीत सहा वर्षांच्या मुलांत आधीच्या वर्षांत मायोपिया जास्तीत जास्त ५.७ टक्के होता, तो २०२० मध्ये २१.५ टक्के निघाला.

आपल्याकडचं काय? दिल्लीत जवळपास दहा हजार शाळकरी मुलं तपासली गेली, २०१५ मध्ये निकाल आला. मायोपिया १३.१ टक्के. दिवसाला सरासरी दोन तासांहून जास्त बाहेर असणाऱ्या मुलांत धोका कमी.

आता सोलापूरचा विचार करा. ऊन ही एकच गोष्ट आपल्याकडे फुकट आणि भरपूर आहे. आणि मुलं कुठे असतात? सकाळी क्लास, मग शाळा, मग परत क्लास, मग उन्हात जाऊ नको म्हणून घरात. एप्रिल-मेच्या दुपारी कुणी बाहेर जाऊ नये, ते बरोबरच आहे. पण सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर लिंबाच्या सावलीतही लागतो तेवढा उजेड मिळतो. सूर्याकडे बघायचं नाही, नुसतं बाहेर असायचं.

मग करायचं काय

आमच्या गल्लीतल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. आठवीत होती. गणितात मागे पडली म्हणून घरच्यांनी एक शिकवणी लावली, मग दुसरी. एकदा मी तिला समोरच्या दुकानाची पाटी वाच म्हटलं. ती म्हणाली, "दादा, कुठली पाटी?" तपासलं तर दोन्ही डोळ्यांना मायनस तीन. गणिताला शंभर भागिले तीन करा. तेहतीस सेंटिमीटर. तिचं स्पष्ट जग वहीपाशी संपत होतं आणि फळा सहा मीटरवर. तिची आजी, जिला सगळी गल्ली अक्का म्हणते, चष्मा आणल्यावर म्हणाली, "रोज नको लावू, सवय लागेल, नंबर वाढेल. आणि पुढे स्थळं बघायची आहेत."

अक्काच्या या दोन वाक्यांत घराघरातला गैरसमज आहे, म्हणून उत्तर नीट देतो.

चष्मा लावल्याने नंबर वाढतो का? मलेशियात याची परीक्षा झाली, २००२ मध्ये निकाल आला. काही मुलांना पूर्ण नंबर दिला, काहींना मुद्दाम पाऊण नंबर कमी. कमी नंबरवाल्यांचा मायोपिया हळू वाढण्याऐवजी जास्त वेगाने वाढला. वाढत्या वयात नंबर वाढतो तो डोळा वाढतोय म्हणून. त्याच काळात चष्मा नाकावर असतो, म्हणून आळ त्याच्यावर येतो. डॉक्टरांनी दिलेला नंबर पूर्ण आणि नियमित लावायचा.

लहान मुलाची पहिली तपासणी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, थेंब टाकून करायची. मुलांचा डोळा जवळ फोकस करायला इतका ताकदवान असतो की थेंब न टाकता मशिन कधी कधी खोटा किंवा जास्त मायनस दाखवतं. मग दर सहा महिने ते वर्षाने परत. आई-वडिलांना जास्त नंबर असेल तर लवकर सुरुवात.

नंबर वेगाने वाढत असेल तर आता नुसतं बघत बसायची गरज नाही. कमी प्रमाणातल्या ॲट्रोपिनचे थेंब आहेत, सिंगापूर आणि हाँगकाँगमध्ये त्यांच्या मोठ्या चाचण्या झाल्या. वाढ मंदावणाऱ्या खास काचाही आहेत. हाँगकाँगच्या एका चाचणीत अशा काचांनी दोन वर्षांत वाढ निम्म्यावर आणली. हे महाग असतं आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच करायचं. मेडिकलमधून स्वतः थेंब आणून टाकायचे नाहीत.

पैशाची अडचण असेल तर सरकारी वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हा शून्य ते अठरा वयाच्या मुलांची तपासणी करतो, अंगणवाडीत आणि सरकारी-अनुदानित शाळेत. त्याची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या महाराष्ट्रातच, पालघरला झाली. नजर तपासणं त्यात आहे. शाळेत पथक कधी येतं, हे पालकांनी विचारलं पाहिजे. आणि सोलापुरात सिव्हिलचा डोळ्यांचा विभाग आहेच.

आपल्या वयाच्या लोकांसाठी एक वेगळी गोष्ट. लेसिक केलं की चष्मा जातो, पण डोळा लांबचा लांबच राहतो. ऑपरेशन पुढच्या पारदर्शक पडद्याचा आकार बदलतं, मागचा ताणलेला पडदा तसाच असतो. नंबर मोठा असेल, समजा मायनस सहाच्या पुढे, तर पडदा सुटण्याचा, काचबिंदूचा धोका बाकीच्यांपेक्षा जास्त. अचानक विजेसारखे चमकारे, काळ्या ठिपक्यांचा पाऊस किंवा एका बाजूने सावलीचा पडदा सरकत आला, तर "उद्या बघू" नाही. त्याच दिवशी डॉक्टर. सुटलेला पडदा वेळेवर चिकटवता येतो, उशीर झाला की नजर जाते.

आणि स्थळांचं? बघायच्या कार्यक्रमात चष्मा काढून ठेवायला लावलेल्या मुली आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. समोरचा मुलगा तिला धूसर दिसत असतो आणि घरचे म्हणतात नीट बघून घे. यावर मला वेगळं काही बोलायची गरज वाटत नाही.

तर सुरुवातीचा प्रश्न. चूक कोणाची? दीडशे वर्षांचा हिशेब बघितला तर पोराची नाही. शाळेने मायोपिया दोनदा घडवला. एकदा फळा लावून तो उघडकीला आणला, आणि मग मुलांना दिवसभर भिंतीच्या आत बसवून तो वाढवला. शाळा बंद करायची नाही. शाळेमुळेच तर आपण पॉडकास्ट करतोय आणि तुम्ही ऐकताय. फक्त फळ्याचे तास मोजतो तसे उजेडाचेही मोजायचे.

या आठवड्याचं काम: घरात किंवा गल्लीत पाच ते पंधरा वयाचं कुणी असेल, तर त्याला एक डोळा हाताने झाकून लांबच्या दुकानाची पाटी वाचायला सांगा, मग दुसरा. तुमच्या घरात कुणाची नजर ठीक असेल तर त्याच्याशी तुलना करा. कमी दिसलं तर ओरडू नका, "कधीपासून दिसत नाही?" असं विचारू नका, त्याला ते माहीत नसतं. सरळ तपासायला न्या. आणि नसेल काही, तरी संध्याकाळी बाहेर काढा.

काय निघालं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत फोन खिशात ठेवून ऐका, आणि जमलं तर गच्चीवर जाऊन ऐका.